जिन्याखालची खोली आणि आठ तासांची परीक्षा

विश्वस्त मंडळाच्या येत्या सभेपुढे एक प्रस्ताव येणार आहे. शहरातील एका संगणक क्लासने आपल्या शाळेला पत्र पाठवले आहे. शाळा सुटल्यावर दोन वर्गखोल्या त्यांना वापरायला द्याव्यात, तेथे ते नववीपासून पुढच्या मुलांना आणि माजी विद्यार्थ्यांना नेटवर्किंग शिकवतील, सीसीएनए या परीक्षेला बसवतील आणि फीमधला काही वाटा शाळेच्या इमारत निधीला देतील, असे त्यात म्हटले आहे. पत्राच्या तळाशी ठळक अक्षरांत 'शंभर टक्के पास होण्याची हमी' आहे.

हे वार्तापत्र काढणारे आम्ही चौघे. तीन शिक्षक आणि एक पालक. आमचे मत या प्रस्तावाच्या विरुद्ध आहे. विश्वस्तांना आम्ही ते तोंडी सांगितलेच आहे. पण पैसा पालकांचा आणि वेळ मुलांचा जाणार असल्यामुळे त्यांच्याही कानावर घालणे आम्हाला आवश्यक वाटते.

आधी आमचीच एक चूक कबूल करतो. २०१९ साली याच वार्तापत्राच्या पहिल्या पानावर आम्ही एका माजी विद्यार्थ्याचा फोटो छापला होता. तो सीसीएनए पास झाला होता. गॅदरिंगमध्ये शाल-श्रीफळ झाले, टाळ्या झाल्या. पुढे सहा-सात महिन्यांनी तो भेटला तेव्हा चेहरा उतरलेला होता. तीन ठिकाणी मुलाखती झाल्या आणि तिन्हीकडून नकार आला. एका ठिकाणी त्याला विचारले होते, "दोन स्विच आहेत. त्यांच्यामध्ये एकाऐवजी दोन केबल जोडल्या तर काय होईल?" याने सांगितले, "वेग दुप्पट होईल." समोरच्याने कागद मिटला.

खरे उत्तर आठवीतल्या मुलालाही समजेल असे आहे. 'सगळ्यांनी ऐका' अशा प्रकारचा एक निरोप पहिल्या केबलने पलीकडे जातो, दुसरीने परत येतो, पुन्हा पहिलीने जातो. स्विचला थांबायचे कुठे ते कळत नाही. क्षणार्धात सगळे जाळे त्या एकाच निरोपाच्या फेऱ्यांनी भरून जाते आणि बंद पडते. १९८५ साली रेडिया पर्लमन या अमेरिकन विदुषीने यावर तोड काढली. स्विच आपापसांत बोलून वाटा ठरवतात आणि फेरा होईल अशी जादा वाट आपण होऊन मिटून ठेवतात. चालू वाट तुटली की मिटलेली उघडतात. म्हणजे साधारणपणे दुसरी केबल वेगासाठी नसून अडीअडचणीसाठी राहते. दोन्ही एकत्र बांधून वेग वाढवताही येतो, पण तसे स्विचला आधी सांगावे लागते. त्या मुलाने हे सारे 'शिकले' होते. त्याच्या प्रमाणपत्राच्या विषयसूचीत ते होते.

मग हे झाले कसे? त्यानेच सांगितले. क्लासमध्ये छापील प्रश्नांचा एक गठ्ठा मिळाला होता. खऱ्या परीक्षेतले प्रश्न कोणीतरी बाहेर आणलेले, खाली उत्तरे. धंद्यात त्याला 'डम्प' म्हणतात. "सर, प्रश्न पूर्ण वाचायचाच नाही असं शिकवलं होतं. पहिले चार-पाच शब्द बघायचे आणि उत्तर आठवायचं." दीड महिन्यात पाठ झाले. परीक्षा झाली, आणि आम्ही फोटो छापला. त्याला कुणी विचारले नाही, आम्हीही विचारले नाही. मुलगा लबाड नव्हता, त्याला तोच अभ्यास वाटला होता. आता नव्या प्रस्तावातली हमी कशाच्या जोरावर दिली आहे, हे आम्ही त्या क्लासच्या प्रतिनिधींना सरळ विचारले. ते हसून म्हणाले, "प्रश्न साधारण तेच असतात हो." त्यांनी पुढे जे म्हटले ते नंतर सांगतो. ते जास्त झोंबले.

याच्या अगदी उलट अनुभव गेल्या दिवाळीनंतर आला. आपला दुसरा एक माजी विद्यार्थी शाळेत येऊन गेला. याचे वडील उद्यमबागेत लेथवर होते. हा बारावीनंतर एका दुकानात केबल ओढण्याच्या कामाला लागला, भिंतींना भोके पाडत हिंडला, मग डिप्लोमा केला आणि सध्या बंगळूरला नोकरीत आहे. २०२३ साली तो सीसीआयई झाला. त्याने नाव छापू नका म्हणून बजावले आहे, म्हणून छापत नाही.

सीसीएनए आणि सीसीआयई या दोन नावांमुळे पालकांचा घोटाळा होतो, म्हणून थोडे सांगतो. सिस्को ही कंपनी १९८४ साली अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात काम करणाऱ्या लिओनार्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या दांपत्याने काढली. एका जाळ्यातील माहिती दुसऱ्या जाळ्यात नेऊन सोडणारी राउटर नावाची यंत्रे ती बनवते. त्या यंत्रांवर काम करणाऱ्यांच्या परीक्षाही तीच कंपनी घेते. सीसीएनए ही सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी एक. ती संगणकासमोर बसून दोन तासांत द्यायची, फी ३०० डॉलर, म्हणजे आपल्या पंचवीस हजारांच्या घरात. सीसीआयई ही त्या शिडीची सर्वांत वरच्या पायऱ्यांपैकी एक. तिला आधी एक लेखी परीक्षा आणि नंतर आठ तासांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. नुसत्या प्रात्यक्षिकाची फी १,६०० डॉलर आहे. कर धरला नाही तरी सव्वा लाखाच्या वर जाते. आपल्याकडच्या मुलांना त्यातल्या त्यात सोय एवढीच की तिचे एक केंद्र बंगळूरला आहे. रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने निघाले की सकाळी पोचता येते.

ही परीक्षा १९९३ साली सुरू झाली. तिचा एक किस्सा मुलांना फार आवडला. पास होणाऱ्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो आणि तो जन्मभर त्याचा राहतो. पण क्रमांक १ पासून सुरू झालेच नाहीत. संगणकवाल्यांना दोनाच्या पटींचे प्रेम, म्हणून सुरुवात १०२४ पासून केली. तो पहिला क्रमांक त्यांनी कुणा माणसाला न देता परीक्षेच्या प्रयोगशाळेच्या खोलीलाच दिला! १०२५ हा क्रमांक प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला. आणि ती पत्रिका सोडवून पास होणारा पहिला माणूस, टेरी स्लॅटरी, त्याचा क्रमांक १०२६. त्या काळी प्रात्यक्षिक दोन दिवस चाले. पहिल्या दिवशी जाळे उभे करायचे, दुसऱ्या दिवशी त्यात परीक्षकाने मुद्दाम घालून ठेवलेले बिघाड शोधायचे. २००१ साली ते एका दिवसावर आणले.

आज आपला विद्यार्थी ज्या शाखेतून बसला तिथे आठ तासांचे दोन भाग असतात. पहिले तीन तास विचाराचे. एका कल्पित कंपनीचे कागद, नकाशे, पत्रव्यवहार समोर येतात, त्यावरून जाळे कसे असावे ते ठरवायचे. एकदा दिलेल्या उत्तराकडे परत फिरता येत नाही. नंतरचे पाच तास हाताचे. यंत्रांवर प्रत्यक्ष आज्ञा लिहून जाळे चालू करायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे. दोन्ही भागांत किमान गुण हवेतच. एकात भरपूर मिळवून दुसऱ्याचे झाकता येत नाही. बरोबर काहीही नेता येत नाही, आणि निकाल तिथल्या तिथे मिळत नाही.

तो नववी-दहावीच्या मुलांशी तासभर बोलला. आम्हाला वाटले होते, यशाची गुरुकिल्ली वगैरे सांगेल. त्याने फळ्यावर फक्त दोन तारखा लिहिल्या. त्या त्याच्या नापास झालेल्या तारखा होत्या.

पहिल्या वेळी तो वाचण्यात चुकला. प्रश्न इंग्रजीत लांबलचक असतात. तिसऱ्या पानावरची एक अट पहिल्या पानावरच्या कामाला लागू होती. याने पहिले पान वाचून काम सुरू केले, दोन तासांनी तिसऱ्या पानावर आला आणि केलेले सगळे मोडावे लागले. दुसऱ्या वेळी त्याने सगळे आधी वाचले. जाळे उभे राहिले. शेवटचा तास उरला असताना एक बिघाड सापडेना, म्हणून घाईघाईने तीन गोष्टी एकदम बदलल्या. बिघाड गेला, पण आधी चालत असलेले दुसरेच काहीतरी बंद पडले, आणि तिघांपैकी कशामुळे ते कळायला मार्ग राहिला नाही. "माझे वडील लेथवर एका वेळी एकच माप धरायचे. मी लहानपणापासून बघत होतो. ऐन वेळेला विसरलो," असे तो म्हणाला.

सातवीतली एक मुलगी दारातून ऐकत होती. तिने विचारले, "दादा, नापास झाल्यावर रडलास का?"

"पहिल्या वेळी नाही. दुसऱ्या वेळी रडलो. बेळगावला परत येताना, गाडीत वरच्या बर्थवर. दोन्ही वेळा फी माझ्या खिशातली होती ना."

तिसऱ्या वेळेची फी त्याच्या कंपनीने भरली. त्याआधी वर्षभर तो रोज पहाटे साडेचारला उठून तेच जाळे पुन्हा पुन्हा मोडून बांधत होता. एक बिघाड स्वतः घालायचा, दोन दिवस विसरायचा प्रयत्न करायचा, मग शोधायचा. बायकोलाही त्याने एक आज्ञा शिकवली होती. ती गुपचूप कुठेतरी ती लिहून ठेवी आणि हा कामावरून आल्यावर शोधत बसे. पास झाल्यावर त्याने कार्यालयात कुंद्याचा डबा नेला. त्यातला पहिला घास बायकोने मागितला, ते रास्तच होते.

आता कोणी म्हणेल, एवढे खोल जाऊन करायचे काय? काम चालले म्हणजे झाले. येथे आम्ही पालकांना एका रात्रीची आठवण करून देतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री नवाच्या सुमारास आपल्या सगळ्यांचे व्हॉट्सॲप बंद पडले. कुणी फोन बंद करून चालू केला, कुणी रिचार्ज तपासला, कुणी मुलांवर ओरडले. बिघाड अमेरिकेत होता. फेसबुक कंपनीत देखभालीचे नेहमीचे काम करताना दिलेल्या एका आज्ञेने त्यांची मोठमोठी केंद्रे जोडणारे सगळे दुवे तुटले. चुकीची आज्ञा अडवण्यासाठी एक तपासणीची सोय होती, तिच्यातच दोष निघाला. मग कंपनीच्या यंत्रांनी 'आमच्याकडे येण्याची वाट ही' असे जगाला सांगणेच थांबवले. कंपनी जागच्या जागी, पण तिच्याकडे जाणारे रस्ते नकाशातून पुसले गेले. हे निस्तरायला साधारण सहा तास लागले, कारण दुरून काही करणे शक्य नव्हते. माणसांना प्रत्यक्ष यंत्रांपर्यंत जावे लागले. अशा वेळी त्या खोलीत पाठांतरवाला माणूस काय करील? त्याच्या गठ्ठ्यात हा प्रश्न नसतो.

वाटेचे हे प्रकरण आपल्या गावात राहणाऱ्याला समजायला कठीण नाही. बेळगावहून पणजीला जायचे तर चोर्ला घाट आहे, अनमोड आहे, लांबून आंबोलीही आहे. पावसाळ्यात चोर्ल्यात दरड आली की गाड्या अनमोडने वळतात. कुणीतरी कुणाला तरी सांगते, तो पुढच्याला सांगतो. राउटर हेच करतात. शेजाऱ्याला आपल्याला ठाऊक असलेल्या वाटा सांगतात, त्याच्याकडून त्याच्या ऐकतात आणि त्यातली जवळची निवडतात. जवळची वाट काढण्याची एक प्रसिद्ध रीत एडस्गर डायक्स्ट्रा या डच गणितज्ञाला १९५६ साली ॲमस्टरडॅममध्ये कॉफी पिता पिता सुचली. वीसेक मिनिटांत, हातात कागद-पेन्सिल नसताना. आजही राउटर ती वापरतात.

आणि पत्ता जितका नेमका तितका राउटरला तो जास्त खरा वाटतो. नुसते 'खडेबाजार' लिहिले तर पत्र शहरातल्या खडेबाजारात जाईल, 'खडेबाजार, शहापूर' लिहिले तर शहापुरात. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानात यूट्यूब बंद ठेवण्याचा सरकारी हुकूम निघाला. तेथल्या दूरसंचार कंपनीने 'यूट्यूबची वाट आमच्याकडून आहे' असे सांगणारा एक खोटा, पण अधिक नेमका पत्ता आपल्या जाळ्यात घातला. तो देशातच राहायचा होता. हाँगकाँगमधल्या एका कंपनीमार्फत तो बाहेर निसटला. जगभरच्या राउटरांनी नेमका पत्ता खरा मानला, आणि सुमारे दोन तास जगातल्या पुष्कळ भागांत यूट्यूब दिसेना. दहावीच्या मुलांना हे सांगितल्यावर त्यांनी स्वतःच विचारले, "मग यूट्यूबवाल्यांनी याहून नेमका पत्ता सांगितला तर?" तसेच केले गेले होते! हा प्रश्न सुचणे म्हणजे अभ्यास, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता त्या झोंबलेल्या वाक्याकडे येतो. क्लासचे प्रतिनिधी म्हणाले, "मराठी माध्यमाच्या मुलांना समजावत बसण्यापेक्षा हेच सोपं पडतं. इंग्लिश झेपत नाही ना त्यांना."

रागावण्यापूर्वी आम्ही यात खरे किती हे पाहिले. थोडे आहे. आपला विद्यार्थी पहिल्या वेळी नापास झाला तो इंग्रजी वाचनातच, हे त्याने लपवले नाही. परीक्षेचे इंग्रजी अवघड शब्दांचे नसते, अटींचे असते. 'हे करा, पण ते न बदलता, आणि अमुक ठिकाणी वगळून.' अशी वाक्ये शांतपणे उलगडायची सवय आपल्या मुलांना आपण लावलेली नाही, हा आमच्या पदरचा दोष आहे. पण त्यावर उपाय वाचायला शिकवणे हा असतो. न वाचता उत्तर द्यायला शिकवणे हा उपाय म्हणजे पाय मुरगळला म्हणून कुबडी आयुष्यभरासाठी विकत घेणे झाले.

आणि समजण्याचे म्हणाल तर ते मराठीत उत्तम होते. याचा पडताळा आम्ही घेतला. आपल्या गणिताच्या बाईंनी नववीला एक तास हे शिकवून पाहिले. संगणकाचा पत्ता म्हणजे चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. समजा पत्ता १९२.१६८.१०.७० आणि त्याच्या जोडीचा मास्क २५५.२५५.२५५.१९२. हा संगणक कोणत्या गटातला? २५६ मधून १९२ वजा करा, ६४ उरतात. म्हणजे गट चौसष्टाचे. पहिला ० पासून, दुसरा ६४ पासून, तिसरा १२८ पासून, चौथा १९२ पासून. ७० हा आकडा ६४ ते १२७ मध्ये बसतो. पहिला ६४ हे गटाचे नाव, शेवटचा १२७ हा 'सगळ्यांनी ऐका' साठी राखलेला. उरले बासष्ट, तेवढे संगणक. बस्स. बाईंनी खडू ठेवेपर्यंत मागच्या बाकावरून पुढच्या गणिताचे उत्तर आले होते. ज्यांच्या आजोबांना पावकी-निमकी तोंडपाठ होती त्या घरांतल्या मुलांना अर्ध्याचे अर्धे करणे परके नाही. बाईंनी राउटर, मास्क, गेटवे हे शब्द इंग्रजीतलेच ठेवले, त्यांचे मराठी करत बसल्या नाहीत. तेही बरोबरच केले. आपली मुले घरी मराठी, बाजारात कानडी आणि फळ्यावर इंग्रजी अशी तीन भाषांतून दिवसभर ये-जा करतात. त्यांना दोन डझन नवे शब्द जड जातात, असे म्हणणाऱ्याने त्यांना शनिवारच्या बाजारात भाव करताना ऐकलेले नाही.

आमच्यात एकमत सहज झाले असे मात्र नाही. आमच्यातले जे पालक आहेत त्यांनी मोठा बिनतोड मुद्दा मांडला. "तुमचं सगळं पटतं. पण ज्याच्या घरी आज पगार नाही त्याला तुम्ही वर्षभर समजून घे म्हणून सांगणार. कागद हातात असला तर निदान मुलाखतीला बोलावतात. कागद नसला तर दारवान आत सोडत नाही." हे खोटे नाही. प्रमाणपत्राशिवाय अर्ज बाजूला पडतो, हे आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून प्रमाणपत्र नकोच असे आम्ही म्हणत नाही. मुलांनी सीसीएनए द्यावी, ज्याला झेपेल त्याने पुढे जावे. आमचे म्हणणे एवढेच की पंचवीस हजारांची परीक्षा, वर क्लासची फी, हे कर्ज काढून भरणाऱ्या घराला मुलाखतीच्या दारापर्यंत जाणारा आणि तेथून परत फिरणारा मुलगा देणे हा सौदा फार महाग आहे. २०१९ च्या त्या मुलाच्या आईने सोन्याच्या दोन बांगड्या ठेवल्या होत्या, हे आम्हाला फोटो छापल्यावर कळले. शिवाय डम्प वापरल्याचे उघड झाले तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकते आणि पुन्हा परीक्षेला बसायला बंदी येऊ शकते. हे क्लासच्या पत्रात कोठे लिहिलेले नाही.

विश्वस्तांची अडचणही आम्ही जाणतो. पटसंख्या दरवर्षी घटते आहे. शेजारची इंग्रजी शाळा बसवर जाहिराती लावते. अशा वेळी 'आमच्या शाळेत नेटवर्किंगचे प्रमाणपत्र' असा फलक दारावर लागला तर चार प्रवेश वाढतील, आणि इमारत निधीला तर पैसा हवाच आहे. पावसात पूर्वेकडच्या वर्गात बादल्या ठेवाव्या लागतात, हे आम्ही रोज पाहतो. पण शाळेचे नाव त्या हमीखाली छापले गेले की पुढच्या प्रत्येक मुलाखतीत ते नावही मुलाबरोबर आत जाईल. तेव्हा दोन केबलचा प्रश्न शाळेलाच विचारला जाईल.

तर आमची सूचना अशी. जिन्याखालची खोली, जिथे तुटके बाक आणि जुने नकाशे ठेवले आहेत, ती रिकामी करावी. संगणक कक्षातून बाजूला काढलेले तीन संगणक तिथे मांडावेत. सिस्कोच्याच नेटवर्किंग ॲकॅडमीकडे नोंदणी केली की 'पॅकेट ट्रेसर' नावाची सोय फुकट मिळते. त्यात पडद्यावर राउटर, स्विच आणि केबल मांडून जाळे बांधता येते, मोडता येते. मोडल्याने कुणाचे काही जळत नाही. सीसीएनएच्या तयारीपुरते ते पुष्कळ होते. वेंडेल ओडम यांची त्या परीक्षेची पुस्तके वाचनालयात घ्यावीत. दोन भाग आहेत, महाग आहेत, पण एक जोडी सगळ्यांना पुरते. त्यातली दहा ओळी रोज मोठ्याने वाचून मराठीत सांगायच्या, हे काम इंग्रजीच्या सरांनी आनंदाने अंगावर घेतले आहे. परीक्षेची फी शाळेने कुणाचीही आधी भरू नये. खोलीत वर्षभर येणाऱ्या आणि दुसऱ्याने घातलेला बिघाड सर्वांसमोर शोधून दाखवणाऱ्या मुलाला माजी विद्यार्थी निधीतून निम्मी फी द्यावी. नापास झाला तर दुसऱ्या वेळीही द्यावी. या शेवटच्या वाक्यावर सभेत वाद होईल, तो आम्ही घालणार आहोत.

सीसीआयई झालेल्या आपल्या त्या विद्यार्थ्याने महिन्यातून एका रविवारी येण्याचे कबूल केले आहे. त्याला मानधन नको. "जाण्यायेण्याचं तिकीट माझं मी काढीन. फक्त खोलीला पंखा लावा," एवढेच तो म्हणाला. उद्यमबागेतील एका पालकांनी त्यांच्या कारखान्यात बदललेला जुना सोळा पोर्टांचा स्विच देऊ केला आहे. त्यातले तीन पोर्ट मेलेले आहेत. कोणते तीन, ते त्यांनी मुद्दाम सांगितलेले नाही. खोलीची किल्ली सध्या शिपाईमामांकडे आहे, आणि आठवीच्या दोन मुलांनी ती मागून मागून त्यांना हैराण केले आहे.